भागाबाईचं वळण

धुळे-जळगाव हायवेपासून गावापर्यंत डांबरी रस्ता येणार, असं सत्त्याऐंशी साली ठरलं, तेव्हा अभिमन नानांनी सगळ्यांच्या आधी चहाचं हॉटेल बांधून टाकलं. ओव्हरसियरने लाल डोक्याच्या खुंट्या बरोबर दारासमोरून मारल्या होत्या. नानांनी धुळ्याहून पाटी रंगवून आणली, दारावर लावली आणि खुर्ची टाकून रस्त्याची वाट बघत बसले.

चैत्र होता. त्यांच्या बायकोने, भागाबाईने, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला होता. दोन्ही खाटा भरल्या तरी ज्वारीचा घाटा उरलाच. नाना बाजाराला गेलेले. तिने समोरच्या आठ खुंट्या उपटल्या, हॉटेलच्या मागे उन्हात एका ओळीत ठोकल्या आणि तिथून भिंतीपर्यंत जुनी लुगडी ताणून बांधली.

संध्याकाळी नाना परतले ते ओरडतच.

"ओ भागा! या सरकारन्या खुंट्या शेतस!"

"सरकारले आज काय वाळाडनं शे? बिबडा वल्ला शेतस आजून. सकाय खुंट्या जठल्या तठे ठोकी देसू."

पण सकाळी चहाला उकळी फुटायच्या आत मुकादम नथ्थूची टोळी हजर. ओव्हरसियर मेव्हण्याच्या लग्नाला जळगावला गेलेला. चुन्याची रेघ खुंटीखुंटीने हॉटेलपर्यंत आली, वळली, मागून गेली आणि पुन्हा सरळ झाली.

नाना धावले. "नथ्थूभाऊ, रस्ता पुढून शे ना!"

"नाना, साहेब सांगी गया, खुंटी सोडू नको. आपलं डोकं खुंटीच्या पुढे चालत नाही. कोणी उपटल्या का? तसं असलं तर सांगा, पोलीस केस करू."

नानांनी मागे पाहिलं. भागाबाई मान खाली घालून टोपल्यात बिबडे भरत होती.

"नही भाऊ," नाना म्हणाले, "कोण उपटी?"

ओव्हरसियर परतला तेव्हा खडी दाबून झाली होती. त्याने नकाशा पाहिला, रस्ता पाहिला आणि नकाशा दुरुस्त केला.

नानांची पाटी आता कपाशीला दिसायची. एस.टी.तून दिसायची ती भागाबाई आणि तिच्या खाटा. एक दिवस कंडक्टर उतरला. "अक्का, दोन बिबडा भाजीसन दे वं!" दुसऱ्या दिवशी अर्धी गाडी उतरली. बिबडा खाल्ला की चहा लागतोच. महिनाभरात नानांनी मागच्या भिंतीला दार पाडलं. पाटी मात्र तिथेच राहिली. ती काढायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

अठ्ठ्याण्णव साली रस्ता रुंद करायला नवा इंजिनीअर आला. वळणावर उभा राहून त्याने शेंगदाण्यांबरोबर भाजका बिबडा खाल्ला आणि म्हणाला, "आजी, जुने लोक हुशार हो! काळ्या जमिनीत रस्ता खचतो, म्हणून मुद्दाम हे वळण घेतलंय. हे आम्ही असंच ठेवणार."

"ठेवा बाप्पा," भागाबाई म्हणाली. "लई इचार करी काढेल शे."

साहेब गेले. माणसं नव्या खुंट्या ठोकू लागली. या लोखंडी होत्या, चांगल्या कंबरभर उंच. भागाबाईने एक हलवून पाहिली.

"भागा!" नाना खुर्चीतून ओरडले. "हात लावू नको!"