चांगलं आहे, पण लांबलंय

आमच्या शेजारच्या मिरजकर काकांनी आयुष्यात कशाचाही शेवट पाहिलेला नाही. सिनेमा मध्यंतरापर्यंत, नाटक पहिल्या अंकापर्यंत, वेब सिरीज दुसऱ्या भागापर्यंत आणि लग्न अक्षता पडेपर्यंत, तेही मंगलाष्टकं आटोपशीर असली तरच. मत मात्र सगळ्यावर, आणि ठाम. 'चांगलं आहे, पण लांबलंय' असं म्हणायचं, मांडीवर थाप मारायची, 'चलो' म्हणायचं आणि उठायचं. हे 'चलो' त्यांना दिल्लीनं दिलं. माणूस मूळचा मिरजेचा असला तरी उभी नोकरी केंद्र सरकारात काढल्यावर उठताना 'चलो'च म्हणतो.

दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास आमच्या नोएडाच्या महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, मराठ्यांची लढाई झाली त्या काला अंबला, जाते. स्मारकाला फुलं वाहतात, एक भाषण होतं, बऱ्याच जणांचे डोळे ओले होतात. एका वर्षी भाषण चालू असताना काका आपले मैदानाला फेऱ्या मारत होते. परत बसमध्ये बसल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी भरल्या गळ्यानं विचारलं, काय वाटलं मिरजकर? काका म्हणाले, लढाई चांगली झाली, पण लांबवली. दाणागोटा संपेपर्यंत थांबायचंच कशाला? अध्यक्ष नोएडा येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. आता इतिहास म्हणून काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, पण काळवेळ म्हणून काही असतं की नाही?

घरातही काकांना बसलेलं मी क्वचितच पाहिलंय. अंगात बाह्यांचं बनियन, पायात रबरी चपला आणि या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. गीझर बंद आहे का, गॅस बंद आहे का, कुलूप लागलं का. लागलेलं कुलूप ओढून बघायचं, लिफ्टपर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. सिरीज बघायची तर दीडपट वेगानं. काकू म्हणतात, आमच्या घरात रडणारी बाईसुद्धा घाईघाईत रडते. फोनवर बोलायचं तर चालतच. पलीकडच्या माणसाला काकांपेक्षा त्यांच्या चपलाच जास्त ऐकू येतात. पूर्वी काका काकूंच्या माहेरी फोन करायचे, तेव्हा काकूंची आई दर वेळी विचारायची, जावईबापू कुठं निघालेत का?

आणि अशा माणसाला छंद लागला तो व्हिडिओ गेमचा. झालं असं, की त्यांची मुलगी रेवा नोकरीला बेंगळुरूला गेली आणि तिचा कॉम्प्युटर, कंट्रोलर वगैरे सगळं इथंच राहिलं. काका निवृत्त झाले आणि 'चालू आहे का बघतो' म्हणून त्याच्यापुढे बसले. बसले म्हणजे उभे राहिले. कंट्रोलर हातात धरून काका उभ्यानंच खेळतात, समोरची खुर्ची कपडे टाकायला असते.

मोठ्या कंपन्यांचे गेम त्यांना चालत नाहीत. दोन-तीन पोरांनी मिळून, कुठंतरी खोलीत बसून केलेले छोटे गेमच ते खेळतात. त्यांना जग 'इंडी' म्हणतं, काका 'घरगुती' म्हणतात. मोठा गेम म्हणजे हलवायाची मिठाई, सगळी एका साच्यातली. घरगुतीत कुणाचा तरी हात कळतो, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी घरून काम करते आणि भाजीवाला आला की दार उघडते, त्यामुळे काकांची सगळी मतं मला उभ्यानं ऐकावी लागलेली आहेत.

एका गेममध्ये म्हणे बेडूक पोस्टमन असतो. काका म्हणाले, उडी अस्सल आहे, उडी जमली की अर्धं काम झालं. पण पत्रं फार, लांबलंय. दुसऱ्यात एक दीपगृह सांभाळायचं. समुद्र सुरेख, पण रोज दिवा लावायचा आणि रोज विझवायचा, ही तर सरकारी नोकरीच झाली. ती एकदा करून झालीय, यार. रानात अळंबी गोळा करायचा एक गेम होता. त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून, डोळे मिटायला लावून नुसती पावलं ऐकवली. पाचोळ्यावर वेगळी, ओल्या मातीत वेगळी, लाकडी पुलावर वेगळी. 'ज्यानं हे केलं ना,' ते म्हणाले, 'त्यानं मन लावून केलंय.' काका इतकं बारीक ऐकत असतील असं मला वाटलं नव्हतं. मी डोळे उघडले तेव्हा ते गीझर बघायला गेले होते.

तर या रेवानं चांगली नोकरी सोडली आणि एका मैत्रिणीबरोबर स्वतःच गेम करायला घेतला. नातेवाइकांना तोंडसुख घ्यायला विषय मिळाला. पोरगी हातची गेली इथपर्यंत बोलून झालं. काका एकटे तिच्या बाजूनं उभे राहिले. पुण्याहून आलेल्या मेहुण्याला त्यांनी जेवणाच्या ताटावर सुनावलं, की ती घरगुती करतेय, तुम्हाला नाही कळायचं. सोसायटीच्या गेटवरच्या गार्डलासुद्धा त्यांनी सांगून ठेवलं होतं, की बिटिया खुद गेम बना रही है.

मागच्या दिवाळीत रेवा आली ती अर्धा झालेला गेम घेऊन. फराळ झाल्यावर तिनं बाबांच्या हातात कंट्रोलर दिला आणि स्वतः दाराशी उभी राहिली. काका दहा मिनिटं खेळले असतील नसतील. मग तोंडातून गेलंच, 'चांगलं आहे, पण लांबलंय. चलो.' आणि गेले गॅस बघायला. रेवानं लॅपटॉप मिटला. ती दुसऱ्या दिवशीच बेंगळुरूला परत गेली आणि तेव्हापासून तिचा फोन फक्त काकूंना येऊ लागला. काका फोनच्या मागं मागं फिरायचे आणि फोन ठेवल्यावर काकूंना विचारायचे, आवाज बरा वाटला का तिचा? मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, 'सवयीनं गेलं गं तोंडातून. मी काही बघितलंसुद्धा नव्हतं नीट.' लिफ्टमध्ये गप्प उभे राहिलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला फार वाईट वाटलं.

यंदा दिवाळी झाली, दिल्लीकडची हवा नेहमीसारखी धुरानं बिघडली. काकांचं बाहेरचं फिरणं डॉक्टरांनी बंद केलं, त्यामुळे घरातल्या फेऱ्या दुप्पट झाल्या. आमच्या भिंतीला कान लावला तर चपला ऐकू याव्यात अशी अवस्था. आणि तेवढ्यात रेवाचा गेम पूर्ण झाला. लोकांसाठी खुला करायच्या आधी तिनं तो घरी पाठवला, सोबत काकूंना निरोप. बाबांना सांग, शेवटपर्यंत खेळले तरच मत सांगायचं. नाहीतर काहीच नको, फोनही नको.

रविवारी सकाळी काका आमच्या दारात. म्हणाले, तुझी बैठक पक्की आहे, तू खेळ आणि मला शेवट सांग, मी फोन करून टाकतो. मी म्हटलं, काका, ही तर परीक्षेतली कॉपी झाली. त्यांचा चेहरा एकदम पडला. दाराची कडी उगाच वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, 'बरं, मग निदान शेजारी येऊन बस. मी उठलो तर बनियन धरून खाली ओढ.' आता याला नाही कसं म्हणायचं?

खुर्चीवरचे कपडे काढले, काकांना बसवलं. मी वेताच्या मोढ्यावर बसले, काकू मटार सोलत मागं बसल्या. गेम सुरू झाला. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. आपण व्हायचं सात-आठ वर्षांची एक मुलगी. तिच्या हातात तिनं काढलेलं चित्र असतं आणि ते तिला बाबांना दाखवायचं असतं. पण बाबा काही बसत नाहीत. पाणी आलं म्हणून मोटर लावतात, मोटर झाली की गॅस बघतात, गॅस झाला की कुलूप. मुलगी समोर जाऊन उभी राहिली की 'पाच मिनिटं हं' म्हणतात आणि चालू लागतात. म्हणून मग त्यांची सगळी कामं मुलीनंच आधी धावत जाऊन उरकायची, म्हणजे ते बसतील.

मी काकूंकडे पाहिलं. काकू मटाराकडे पाहत होत्या.

काकांना काही पत्ताच नव्हता. ते मन लावून खेळत होते आणि मन लावून वैतागत होते. हा बाप काही खरा वाटत नाही, म्हणाले, एवढा अस्वस्थ माणूस असतो का कुठं? मग म्हणाले, हे 'चलो' फार वेळा आलंय, जरा कमी करायला हवं होतं. गेममधला बाप कुलूप ओढून गेला आणि परत येऊन पुन्हा ओढू लागला, तेव्हा तर काका हसलेच. म्हणाले, हे मात्र अति झालं. मला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग केलं. मधे एकदा त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. 'चपलांचा आवाज अस्सल आहे,' ते म्हणाले. 'रबरीच आहेत. कुठं मिळवला असेल हा तिनं?' मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, फोनवर मिळाला असेल. ते काकांच्या कानात शिरलंच नाही.

दोनदा ते उठायला निघाले, दोनदा मी बनियन ओढलं. शेवटी एकदाची सगळी कामं संपली. गेममधले बाबा बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसले. मुलगी त्यांच्या पायाशी बसली. आणि पुढं काहीच होईना. काकांनी एक बटण दाबलं. बाबा 'चलो' म्हणून उठले, आणि मोटर, गॅस, कुलूप सगळं पहिल्यापासून. काकांनी पुन्हा सगळं उरकलं, बाबांना पुन्हा बसवलं, पुन्हा बटण दाबलं. बाबा पुन्हा उठले. काकांच्या कपाळावर घाम आला. बिघडलाय, ते म्हणाले, इथं येऊन अडकलाय, तिला सांगायला हवं. आणि आवाज असा, की आता हे रडतात की काय असं मला वाटलं. इतक्या जवळ येऊन शेवट हुकणार आणि मग फोनही करता येणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

काकूंनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. 'अहो, काही दाबू नका,' त्या म्हणाल्या. 'तुम्हीच उठवताय त्याला.'

तिसऱ्यांदा बाबांना बसवल्यावर काकांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पडद्यावर संध्याकाळ होत गेली. बाबा बसलेले, मुलगी बसलेली. इतक्यात आमच्या खऱ्या जगात दाराची बेल वाजली. काकांचे खांदे हलले. मी बनियन धरायला हात पुढं केला, पण ओढावं लागलं नाही. बेल पुन्हा वाजली, वाजून थांबली, आणि काका जागचे हलले नाहीत. पायाचा अंगठा तेवढा चपलेत वर-खाली होत होता.

आणि मग गेममधल्या बाबांनी हात पुढं करून म्हटलं, 'बघू काय काढलंयस?'

चित्र पडद्यावर मोठं झालं. रंगीत खडूंनी काढलेला एक माणूस, अंगात बनियन आणि खाली आठ-दहा पाय. वर वाकड्यातिकड्या अक्षरांत, 'माझे बाबा'.

काका पुढं वाकले. बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिले. मग काकूंकडे न वळता म्हणाले, 'हे खरं आहे का गं? तिनं काढलेलं?'

'फ्रीजवर लावलेलं होतं,' काकू म्हणाल्या. 'क्वार्टर सोडेपर्यंत.'

फ्रीजवर. ज्या फ्रीजचं दार नीट लागलंय का हे हा माणूस दिवसातून कितीदा तरी ओढून बघत असणार. मला भडभडून आलं. पडद्यावर बाबा अजून चित्र बघत होते, मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकली होती, मग अंधार झाला आणि दोघी मैत्रिणींची नावं आली. काकांनी ती नावंही पूर्ण वाचली.

त्यांनी फोन लावला. स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. पलीकडून नुसतं 'हं' आलं.

'रेवा, झाला पूर्ण,' काका म्हणाले. 'चांगला आहे.' मग घसा खाकरला. 'पण लवकर संपला गं.'

मला वाटलं फोन कटला. काकू फोनकडे बघत होत्या, मी काकूंकडे. मग रेवाचा आवाज आला, लहान, घाबरल्यासारखा.

'बाबा, बरे आहात ना? चपला वाजत नाहीयेत.'

'बसलोय,' काका म्हणाले. 'तू बोल.'