बॉनेटखालचं गुपित

"तिच्यासमोर आवाजाचं नावही काढायचं नाही. गॅरेजवाल्याची पोर आहे, संध्याकाळपर्यंत बापाच्या कानावर जाईल!"

सासूबाईंचं हे वाक्य मी स्वयंपाकघराच्या दाराआड ऐकलं. मुद्दाम नव्हे. हातात चहाचा ट्रे होता आणि दार पायाने ढकलावं की नाही, याचा विचार करत उभी होते. (नव्या सुनेने ढकलू नये, असं ठरवलं आणि नको ते ऐकून बसले.)

आवाज आमच्या गाडीचा. लग्न ठरताना सासऱ्यांनी छाती फुगवून माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "आप्पासाहेब, बारा वर्षं झाली, पण बिघाड म्हणून गाडी कधी गॅरेजात नेली नाही!" ज्यांचं पोटच बिघाडावर चालतं, ते आप्पा बिचारे "वा, वा" म्हणाले. आणि मी या घरात आले, त्याच महिन्यात गाडी कण्हायला लागली. याच गाडीतून मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाणार होते. चार तासांचा रस्ता, रविवारी सकाळी.

तो रविवार बाबांच्या कंबरेत गेला. (सासऱ्यांना मी बाबा म्हणते.) कंबर एकाएकी धरली म्हणे. मी आंघोळीला गेले, तर न्हाणीघराच्या खिडकीखाली तीच कंबर बॉनेटमध्ये वाकलेली!

"पट्टा सैल झालाय," बाबा कुजबुजले.

"नाही हो, उंदीर शिरलाय," सासूबाई.

"आई, उंदीर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जोरात ओरडतो का?" हे आमचे 'हे'.

"घाबरून ओरडत असेल!"

दुसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये उंदरांचा पिंजरा ठेवलेला दिसला. मी दिसला नाही असं दाखवलं.

खरं सांगायचं तर, मला आवाजाचं कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. लहानपणापासून आप्पा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचे आणि त्याची मूठ माझ्या कानाला. "काय म्हणतंय गं?" त्यांचा स्वतःचा उजवा कान कधीचाच गेलेला. "आप्पा, खरखरतंय. आत वाळू भरडल्यासारखं." मग ते पाना उचलायचे. मी त्यांचा कानच होते म्हणा ना. आणि तो कान आता लग्न करून चार तास लांब येऊन बसला होता.

पण सांगायचं कसं? "दाराआडून ऐकलं" म्हणून? शिवाय बाबांची ती फुगलेली छाती डोळ्यांसमोर यायची. मी बहिरी झाले.

दुसऱ्या रविवारी 'ह्यां'ची मीटिंग निघाली, तिसऱ्या रविवारी सासूबाईंची सर्दी. जमिनीवर गाडीखाली हिरवे थेंब दिसायला लागले. सासूबाई फडकं घेऊन धावल्या.

"मेलं मांजर गं, घाण करून गेलं!"

हिरवं करणारं मांजर मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण मान डोलावली.

एका दुपारी 'हे' कानात इअरफोन घालून, डोळे मिटून, तन्मयतेने काहीतरी ऐकत होते. नवीन लग्न. माझ्या मनात नाही नाही ते आलं. जवळ जाऊन कान दिला, तर आमच्याच गाडीचं रेकॉर्डिंग!

"मी बसने जाऊन येऊ का?" एकदा धीर करून विचारलं.

"दारात गाडी असताना?" तिघंही एका सुरात म्हणाले. "आप्पा काय म्हणतील!"

आप्पा रोज संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणायचे, "ये सवडीने." त्यांच्या मागे कुठलं तरी इंजिन सुरू असायचं. बोलणं संपलं तरी मी फोन ठेवत नसे. ते इंजिन ऐकत बसायची. चौथ्या रविवारीही जाणं झालं नाही, तेव्हा आप्पा म्हणाले, "एक गाडी महिनाभर पडून आहे गं. कुठून वाजतंय तेच सापडेना. गिऱ्हाइकाला सांगितलंय, माझी मुलगी येऊ दे, मग बघू."

त्या दिवशी मी कांदे नसताना रडले.

पाचव्या रविवारी बाबा शीळ घालत आले. पट्ट्यावर भरपूर तेल मारलं होतं, त्यामुळे आवाज गप्प. "चला सूनबाई, बॅग आणा!" बॅग पाच आठवडे भरलेलीच होती. आम्ही निघालो. बाबा गाडी चालवत होते, 'हे' पुढे त्यांच्या शेजारी, सासूबाई मागे माझ्या शेजारी. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि खर्रर्र! 'ह्यां'नी रेडिओ मोठा केला. सासूबाईंना ठसका लागला. बाबा तर चक्क गायला लागले.

मी तापमानाच्या काट्याकडे बघत होते. इंजिन तापत चाललं होतं. मनात आलं, गप्प बसावं. कदाचित पोचूही. आप्पा दारातच असतील, बॉनेट उघडतील, मूठ माझ्या कानाला लावतील. पण काटा वर चढला, आणि मला स्पष्ट दिसलं: भर रस्त्यात वाफ सोडणारी गाडी आणि तिच्याशेजारी उभे राहिलेले, बारा वर्षं मान ताठ ठेवलेले बाबा.

मी पुढे वाकून रेडिओ बंद केला. तिघंही दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"बाबा, गाडी वळवून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय, इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी गळतंय. अजून थोडं चालवलंत तर इंजिनच जाईल. आप्पांना मी काही सांगणार नाही. घर अजून जवळ आहे, तोवर तुम्ही स्टिअरिंग धरा, आई, तुम्ही बसून राहा, आणि अहो, तुम्ही उतरा, आपण दोघं मागून माझ्या सासरच्या दिशेने ढकलू या."