बायकोकडे बघण्याची सोय

हेडक्लार्कने जुनी गाडी विकून नवी घ्यायचं ठरवलं, ते केवळ बायकोपायी. ती लांबच्या गावी इस्पितळात नर्स. महिन्यातून दोन दिवस घरी यायची. हा तिला आणायला जायचा. घरी पाहुण्यांचा नि कामांचा गराडा; येतानाचे तीन तास काय तो निवांत सहवास, आणि त्यातही याची नजर रस्त्यावर! चार वर्षं तिचं हसू नुसतं कानांनी ऐकलं. (तिच्या केसांत पांढरी बट आल्याचंही त्याला शेजारणीकडून कळलं.)

शोरूममधला विक्रेता म्हणाला, "साहेब, ही गाडी स्वतः चालते. तुम्ही फक्त वहिनींकडे बघायचं!"

भिंतीवरच्या जाहिरातीत एक गृहस्थ डोक्यामागे हात घेऊन तेच करत होता. हेडक्लार्क विरघळला.

पुढच्याच खेपेला त्याने बटण दाबलं, हात सोडले आणि बायकोकडे वळून बसला.

"अहो, समोर बघा!"

"गाडी बघतेय. तू बोल. हा गालावरचा तीळ कधी आला गं?"

"लग्नात होता की!" ती लाजली.

तेवढ्यात रस्त्याचं काम लागलं. नवा रस्ता उजवीकडे वळला, पण डांबरावरचा पुसट जुना पांढरा पट्टा सरळच जात होता. गाडीने इमानेइतबारे जुना पट्टा धरला.

"अहो, रोलर!"

त्याने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. रोलर वीतभर अंतरावर.

रोलरवाला खाली उतरला. "झोपला होतात काय?"

"नाही, बायकोकडे बघत होतो."

"स्वतःच्या?"

बायकोने नवऱ्याची नाडी धरली. "रोज असल्या माणसांना टाके पडताना बघते मी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही बघायचं तसं."

दुसऱ्या दिवशी दोघं शोरूममध्ये गेली. विक्रेत्याने माहितीपुस्तकाचं एकशे बारावं पान उघडलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: हात चाकावर आणि नजर रस्त्यावर ठेवावी.

"मग तो जाहिरातीतला?"

"तो उभ्या गाडीत बसलाय, साहेब. आणि ती त्याची बायकोही नाही."

तेव्हापासून येताना बायकोच गाडी चालवते. पहिल्या दिवशी हेडक्लार्क शेजारी बसून तिच्याकडे डोळे भरून बघत राहिला. दहा मिनिटं. मग गार वारा लागला, गाडीने छान लय धरली, आणि तो थेट घराच्या दारापर्यंत घोरत आला.

तिने खांदा हलवला. "अहो, उठा. मी परत जायच्या आत."