अकरा हजार चारशे पावलं

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय आणि आजवर एकाही घड्याळाने मला बनवलेलं नाही. त्यामुळे लेकीने पावलं मोजणारी ती बटणाएवढी डबी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, ये बाई, तूही ये.

माझी फुफ्फुसं म्हणजे फाटका भाता. भोकं माझ्याच सिगारेटींनी पाडलेली, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाबरोबर रोज चालायचं. दम लागला की थांबायचं, नाकाने श्वास घ्यायचा, मेणबत्तीवर फुंकर घातल्यासारखा ओठांतून सावकाश सोडायचा, मग पुन्हा चालायचं. यातलं थांबायचं तेवढं मला उत्तम जमायचं.

म्हणून लेकीने दुकानाची किल्लीच काढून घेतली. "तीन आठवडे, रोज तीन हजार पावलं. मग किल्ली."

दुकान म्हणजे माझा जीव. घरी बसून बसून मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायला लागलो होतो.

बायकोचा गाऊन दाराला लटकत होता. डबी हळूच त्याच्या खिशात सोडली. ही दिवसभर घरातच असते, इकडून तिकडे करत तीन हजार आरामात होतील, असा माझा अंदाज. आकडा थेट लेकीच्या मोबाईलवर जायचा. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, अकरा हजार चारशे?"

"जरा जोर लावला आज."

"अहो, पण गेला होतात कुठे?"

"कुठे नाही गं. स्वयंपाकघर, गॅलरी, न्हाणीघर." त्या दिवसात मी बोललेलं तेवढंच खरं.

लेकीने आनंदाच्या भरात हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या मॅडमना कळवून टाकलं. आता आली का पंचाईत! आकडा खाली आणायचा, तर बायकोला खाली बसवायला हवं.

"अगं, बस ना जरा. चहा मी आणतो."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाहीये," ती म्हणाली आणि जास्तच काळजीत पडली.

रोज मी चहा आणला. कपडे वाळत घातले, झाडांना पाणी घातलं, बेल वाजली की दार उघडलं. प्रत्येक उंबऱ्यावर थांबून एक मेणबत्ती विझवली. तरी आकडा नऊ हजार! ही बाई करते तरी काय? आणि मी मर मर चालत होतो ते कुणीच मोजत नव्हतं, कारण डबी तिच्या खिशात.

तीन आठवडे झाले. हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात माझ्यासारखेच दमेकरी खुर्च्यांवर बसले होते. बायको आणि लेक हजर. मॅडम म्हणाल्या, "हे काका रोज नऊ-दहा हजार पावलं चालतात. काका, सहा मिनिटं चालून दाखवा सगळ्यांना."

नाकात ऑक्सिजनची नळी लावलेल्या एका आजोबांनी माझा हात धरला. "मलाही जमेल का हो एवढं?"

तेव्हा मात्र मला खरी लाज वाटली. पण किल्ली लेकीच्या पर्समध्ये होती. निघालो तरातरा. दुसऱ्याच फेरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. भिंत धरली, मेणबत्ती विझवली, चाललो, परत भिंत धरली. सहा मिनिटं झाली तेव्हा मला खुर्चीत आणून बसवावं लागलं.

मॅडमनी कार्ड बघितलं. "मागच्या वेळी दोनशे दहा मीटर, आज दोनशे साठ. सुधारणा चांगली आहे काका. पण दहा हजार पावलांची नाही."

"ती पावलं माझी आहेत," बायको शांतपणे म्हणाली. "डबी पहिल्याच दिवशी हाताला लागली होती."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"दिवसभर घरात बसून करतेस काय, असं तीस वर्षं विचारताय. म्हटलं, एकदा आकडा कळू दे."

लेकीने पर्स उघडली. "पावलं ज्याची, किल्ली त्याची," म्हणाली आणि किल्ली आईच्या हातात ठेवली.

मी आजोबांकडे वळलो. "दहा हजारांचं खोटं होतं, माफ करा. पण पन्नास मीटर वाढले ते खरे. चहा आणून आणून वाढलेत." आजोबा हसले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने ते वाक्य मनात नोंदवून ठेवलेलं मला स्पष्ट दिसलं.

आता बायको दुकानात बसते, पट्टे आणि सेल विकते. घर माझ्याकडे, डबीही माझ्याच खिशात. काल तीन हजार चाळीस भरली, सगळी स्वतःची. लगेच दुकानात बायकोला फोन लावला. "किल्ली कधी देतेस?"

"आत्ता कुठे गुण यायला लागलाय, कशाला मोडता घालता? जेवणाचा डबा घेऊन या. चालत."

गेलो. वाटेत पाच मेणबत्त्या विझवल्या. माझ्याच खुर्चीत बसून तिने डबा उघडला, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ विसरलात. जा, घेऊन या. तेवढीच पावलं."