ह्यूसाहेबांचं नाव घेऊ नका!

ईट गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, तो म्हणजे मी! बार्शीला मामाकडं राहून तीन इयत्ता इंग्रजी शिकलो होतो. त्यामुळं तहसिलीतून निरोप आला, की जनावरांना बुळकांडीची लस टोचायला गोरा डॉक्टर येतोय, तेव्हा हिंमतराव पाटलांनी तो कागद थेट माझ्यापुढंच धरला.

"मास्तर, साहेबाचं नाव काय लिवलंय?"

एच, यू, जी, एच. हातचा मळ!

"हुघ," मी म्हणालो.

पाटील बघतच राहिले. "एवढा मोठा साहेब आन् एका घासाचं नाव?"

पण विषय चेष्टेचा नव्हता. गावातली निम्मी जनावरं रोगानं गेली होती. साहेब रुसून परतला असता, तर उरलेलीही गेली असती. म्हणून स्वागत झोकात करायचं ठरलं. फाट्यावरून साहेबांना आणायला गुंडप्पांची खिलार जोडी जुंपली. शंकरपटाच्या शर्यतीत तीन तालुक्यांना धूळ चारलेले बैल ते!

गाडी वेशीत आली. बायकांना ओवाळायचं होतं, म्हणून गुंडप्पा कासरा सोडून खाली उतरले. मी हार घेऊन वर चढलो. ताडमाड साहेब, मांडीवर लशीची पेटी. मी आरोळी ठोकली, "बोला, हुघसाहेब की..."

"जय!"

साहेब हसले. "मास्टरजी, हुघ नहीं. आखिर के दो हरफ चुप रहते हैं. ह्यू!"

डाव्या बैलाचा कान ताठ झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं! पण शंभर माणसांदेखत गेलेली अब्रू शंभर माणसांदेखतच परत आणायला हवी ना? मी लोकांकडं वळलो. "ऐका! जी मुका, एच मुका. सगळ्यांनी एकदम म्हणा, ह्यू!"

"मास्तर, न्हाय! न्हाय!" गुंडप्पा किंचाळले.

"ह्यूऽऽऽ!" अख्खं ईट गरजलं.

शंकरपटात बैल सोडताना गुंडप्पा नेमकी हीच आरोळी देत!

गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. आरतीचं ताट एकीकडं, त्यातलं कुंकू माझ्या हातांवर, हार दुसरीकडं आणि मी साहेबांच्या पायाशी! मागून गाव धावलं. आता धावणारा माणूस काय ओरडणार? "ह्यूसाहेब! अहो ह्यूसाहेब!" की बैल दुप्पट जोरात!

"नाव घेऊ नका! कुनी बी नाव घेऊ नका!" गुंडप्पा छाती पिटत पळत होते.

द्वारकाबाईंच्या वाळत घातलेल्या मिरच्या तुडवल्या, पाटलांचं कुंपण उडालं, एक चाक धोंड्यावरून गेलं आणि माझा जीव घशातून बाहेर डोकावून परत आत गेला. साहेबांच्या नडगीला मिठी मारून मी एक डोळा उघडला.

साहेब उभे होते! एका हातात कासरा, दुसऱ्या बगलेत पेटी, टोपी जागच्या जागी. तोंडानं बैलांशी हळूहळू काहीतरी बोलत होते, तान्ह्या पोराला निजवावं तसं. खाली गाडी थयथयत होती आणि वर हा माणूस देवळाच्या कळसासारखा स्थिर! मी भ्यायचंच विसरलो.

शेवटी नांगरलेल्या रानात चाकं रुतली. बैल थांबले. साहेबांनी उतरून पेटी उघडली. मागून आलेलं गाव पेटीत डोकावलं.

एकही बाटली फुटली नव्हती!

साहेबांनी बैलाची मान थोपटली. "ऐसे जानवर मैंने नहीं देखे," ते गुंडप्पांना म्हणाले. माफी मागायला हात जोडून आलेले गुंडप्पा तिथंच रडायला लागले.

मग दिवस मावळेपर्यंत साहेब एकेक जनावर टोचत राहिले. शेवटची म्हैस म्हाताऱ्या कडूबाईंची. तिच्या पाठीवरून हात फिरवत कडूबाईंनी विचारलं, "साहेब, तुमच्या नावाचा अर्थ काय वं?"

मी हिंदीत सांगितलं. साहेब जरा लाजले. "बहुत पुराना नाम है, माँजी. मतलब, दिल. हिम्मत."

"आई-बापानं बघूनच ठेवलं की!" कडूबाई म्हणाल्या. काही जणांनी तर हात जोडले.

साहेब माझ्याकडं वळले. "और मास्टरजी, आपका नाम?"

"बलभीम."

"मतलब?"

अख्खं गाव माझ्याकडं बघायला लागलं. साहेबांच्या विजारीवर माझी दहाही बोटं कुंकवात उमटलेली होती.

"हुजूर," मी म्हणालो, "हमारे इधर नाम को मतलब नहीं रहता!"