ढगे सरांची इंग्रजांशी लढाई

इंग्रज देश सोडून गेले हे ढगे सरांना कुणी कळवलंच नव्हतं. नव्वदनंतरच्या वसमतमध्ये, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, हा ड्रॉइंगचा मास्तर रोज मधल्या सुट्टीत इंग्रजांना असा हाणायचा, की शेजारच्या अडतीवरचे हमाल हळदीची पोती टाकून बघायला यायचे.

भांडण लाटसाहेबांशी नव्हतं. लढाईची चित्रं काढणाऱ्या इंग्रज चित्रकारांशी होतं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून सरांनी असल्या चित्रांचा एक ग्रंथ आणला होता. तो सायकलच्या कॅरियरवर ठेवला, की पुढचं चाक उठून सलामी द्यायचं. मी इतिहास शिकवायचो, म्हणजे सरांच्या लेखी इंग्रजांचा वकील. माझ्या डोळ्याला भिंग लावून विचारायचे,

"तोफ फुटून राहिली, माणसं मरून राहिली, अन् साहेबाच्या बुटाला पालिश? काहून हो?"

"चित्र आहे, सर."

"अन् आपला शिपाई कुठाय? तो बघा, कोपऱ्यात. पाठमोरा. धुरात. मरायला पुढं, चित्रात मागं! काढणारा लंडनात चहा पिऊन राहिला होता, त्याला काय तकलीफ!"

त्या चित्रांतला मरणारा गोरा नेहमी एका कोपरावर रेलून झेंड्याकडे बघतो. असं मरता येतं का, हे तपासायला सरांनी आमच्या प्यूनला, गफूरभाईला, ग्राउंडवर तसं निजवलं. गफूरभाई मरता मरता झोपला. हेडमास्तरांनी वरून पाहिलं, घाईघाईनं शोकसभा घेतली आणि शाळा सोडून दिली. गफूरभाई उठला, तेव्हा स्वतःच्या दुखवट्याची सुट्टी त्यालाही मिळाली.

मग सरांवर खरोखरच फौजेतला माणूस काढायची पाळी आली.

डोंगरकड्याकडच्या एका तांड्यावरचा फुलसिंग आमचा विद्यार्थी. फौजेत ड्रायव्हर झाला. सरहद्दीकडे रेशन नेताना त्याची गाडी दरीत गेली. गेलं पोरगं. तांड्याच्या सभागृहाच्या भिंतीवर त्याचं चित्र काढायचं ठरलं आणि सरपंच जीप घेऊन सरांच्या दारात आले.

"मास्तर, हातात मशीनगन द्या. पायाखाली चार दुश्मन टाका. मागं धूर."

"पोरगं गाडी चालवत व्हतं. मी गाडी काढीन."

"गाडी? यष्टीचा डेपो हाय का? उद्घाटनाला मंत्री येऊन राहिले!"

"मंग लंडनहून माणूस बोलवा."

सरपंच दार आपटून गेले. दुसऱ्या दिवशी फुलसिंगची आई आली. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी तिथंच होतो. म्हटलं, आता ही मशीनगन मागणार आणि सर हिलाही लंडनला धाडणार.

"गुरुजी, गाडीच काढा," ती म्हणाली. "लई जीव व्हता त्याचा गाडीवर. फकस्त…"

"बोला ना, याडी."

"रस्ता सरळ काढा. वळण नका काढू."

लढाईतल्या एका पॉलिशपायी अख्ख्या विलायतेला खोटं ठरवणारा माणूस पेन्सिलीला टोक काढायला बसला. मग त्यानं हिमालयातून असा रस्ता काढला, की तो थेट तांड्याच्या बाभळीपाशी येतो. दरी नाही, वळण नाही. हिरवी गाडी आणि काचेमागं फुलसिंगचा हसरा चेहरा, पुरा समोरून.

सरपंचांना ते मंत्र्यांना दाखवायची लाज वाटली. रक्त नाही, धूर नाही, मग शहीद कशावरून? तेव्हा फ्लेक्स नवानवा निघाला होता. नांदेडहून एक छापून आणला: कुठल्या तरी पैलवानाच्या धडावर फुलसिंगचं मुंडकं, दोन्ही हातांत बंदुका. तो चित्रावरच ठोकला. मंत्री अर्ध्या रस्त्यातून एका लग्नाला गेले, फ्लेक्स मात्र राहिला. काढाल तर शहिदाचा अपमान केला म्हणून केस करीन, असा सरपंचांनी सरांना दम दिला. इंग्रजांनी आपला माणूस निदान कोपऱ्यात तरी ठेवला होता.

पुढं सर रिटायर झाले. बायको आधीच गेलेली, लेकरू नव्हतंच. आमची गाठभेट कमी झाली. एकदा कामानिमित्त डोंगरकड्याला गेलो होतो, म्हणून तांड्याकडं वळलो.

भर दुपार. फ्लेक्सचे खालचे खिळे उपसलेले. ढगे सर दोन्ही हातांनी फ्लेक्स डोक्यावर उचलून उभे, टकलावरून घाम गळत होता. खाली याडी मांडी घालून बसली होती आणि भिंतीकडं बघून तिच्या बोलीत काहीबाही सांगत होती. मधेच हसायची. सरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

माझ्याकडं न बघता सर हळूच म्हणाले, "नुसते उभे काय राहिले? ते टोक धरा. त्यांचं बोलणं व्हायचंय अजून."