चौथ्या मजल्यावरचा उजेड

नत्थूजी भोयर रिकाम्या ऑफिसातही दार ठोठावून जातात. चौथ्या मजल्यावरचं अख्खं ऑफिस कोविडमध्ये घरून काम करायला गेलं ते परत आलंच नाही. आत टेबल नाही, खुर्ची नाही. तरी नत्थूजी टकटक करतात, "येऊ काय?" विचारतात, थोडं थांबतात आणि मगच शिरतात.

"आत कोणी नाही ना," मी एकदा म्हटलं.

"मंग काय ढोरासारखं घुसू?"

वर्धा रोडवरच्या आमच्या सात मजली इमारतीचे ते केअरटेकर. लिफ्टही तेच चालवतात. मी तिथला सस्टेनेबिलिटी एक्झिक्युटिव्ह. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट आहे, त्यामुळे हे पद मी न अडखळता उच्चारतो. काम साधं आहे. वीज-पाणी कमी लागतं हे कागदावर दाखवायचं, म्हणजे इमारतीला 'ग्रीन' सर्टिफिकेट मिळतं आणि भाडेकरू येतात.

वीज वाचवण्यावरचं माझं भाषण एकट्या नत्थूजींनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चार माणसं जमल्याशिवाय लिफ्ट हलेना. अर्धी इमारत ओस, चार माणसं जमायला वीस मिनिटं लागत. एकदा खुद्द मालक आत उभे.

"अजून तिघं येऊ द्या, साहेब. पृथ्वी वाचवून राहिलो आपण."

मालक जिन्याने गेले.

मग सेन्सर बसले. माणूस हलला की दिवे लागतात, मिनिटभर कोणी हललं नाही की जातात. नत्थूजी स्टुलावर बसले की पुतळाच. त्यांच्यावर सारखा अंधार.

"मी इथं बसून आहो, अन् हे म्हणते कोणी नाही! माणूस दिसाले नाचा लागते काय गा?"

तेव्हापासून ते दोन्ही हात हलवत फिरतात. जागा पाहायला आलेले एक गृहस्थ आपल्यालाच बोलावताहेत समजून त्यांच्यामागे थेट पंपाच्या खोलीत गेले.

सर्टिफिकेटच्या ऑडिटच्या दोन दिवस आधी सेन्सरच्या नोंदीत घोटाळा सापडला. चौथ्या मजल्यावर रोज दुपारी दीड ते दोन या वेळात दिवे जळत होते. मॅनेजर भडकले. "कोण आहे ते शोधा. नाव निघेल त्याला काढून टाकू."

शोधायचं काय होतं? दीड वाजता मी वर गेलो आणि दार ठोठावलं.

"या," आतून आवाज आला.

काचांवर 'भाड्याने देणे आहे'चा भलामोठा फलक, त्यामुळे भरदुपारी दिव्यांशिवाय काळोख. त्या एवढ्या थोरल्या हॉलमध्ये खांबाला टेकून नत्थूजी जेवत होते. मधूनच डावा हात वर करत होते.

"नत्थूजी, नोकरी जाईल तुमची. खाली गार्डरूम आहे ना जेवायला?"

हात खाली आला. "आहे ना. सगळे मोबाइलमधी पाहून जेवतेत." घास हातात तसाच राहिला. "इथं साठ पोट्टे होते. मी दारातून गेलो का कोणी ना कोणी वरडे, काका, आज काय आणलं? मी म्हणो, पाटवडी. डब्यात राहे वांगंच. घरीही आता विचारणारं कोणी नाही."

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. दिवे गेले. या वेळी नत्थूजींनी हात वर केला नाही.

मी केला. समोर फरशीवर बसलो आणि विचारलं, "काका, आज काय आणलं?"

"पाटवडी," ते म्हणाले आणि वांग्याचा डबा माझ्याकडे सरकवला.

ऑडिटच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'सामाजिक जबाबदारी : कर्मचाऱ्यांसाठी सोयी' असा रकाना असतो. तो आम्ही दरवर्षी कोरा सोडायचो. यंदा मी स्वच्छ अक्षरात भरला, मॅनेजरांची सही घेतली आणि दिव्यांना कारण मिळालं.

'चौथा मजला : जेवणाची जागा. वेळ : दीड ते दोन. वापरणारे : दोन.'